दफ्तर पाठीवरून टेबलावर: गुणगौरवाच्या यादीत टायपिंगवाले कुठे आहेत?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे गुणगौरवाचा हंगाम सुरू होतो. शादीखान्याचा हॉल, मंचावर जमातचे जिम्मेदार, खाली अम्मी-अब्बा आणि ८५-९० टक्के मिळवलेल्या मुलामुलींच्या हातात ट्रॉफी. माशाअल्लाह, चांगलीच गोष्ट आहे. मुलांचा हुरूप वाढतो, मोहल्ल्यात शिक्षणाची चर्चा होते.

पण या यादीत एक विद्यार्थी कधीच नसतो. दहावीला ६० टक्के मिळवून ज्याने मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट या वेगाचे सरकारी टंकलेखन प्रमाणपत्र काढले, तो. त्याला मंचावर कोणी बोलावत नाही. नोकरीच्या जाहिराती मात्र त्यालाच बोलावत असतात.

डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील जिल्हा न्यायालयांसाठी ४,६२९ पदांची भरती निघाली. त्यात कनिष्ठ लिपिकांची २,७९५ आणि लघुलेखकांची ५६८ पदे होती. दोन्हीकडे पदवीइतकीच टायपिंगची अट महत्त्वाची होती आणि लघुलेखकाला शॉर्टहँडही हवे होते. एमपीएससीमार्फत भरल्या जाणाऱ्या लिपिक-टंकलेखक पदालाही मराठी ३० किंवा इंग्रजी ४० चे प्रमाणपत्र लागते, आणि आता आयोग टंकलेखनाची कौशल्य चाचणीही घेतो. म्हणजे नुसता कागद दाखवून भागत नाही, बोटे चालली पाहिजेत.

हे प्रमाणपत्र पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद देते. पूर्वीची खडखडणारी यंत्रे गेली, आता परीक्षा संगणकावर होते. त्यात वेगाचा उतारा असतो, तसेच पत्र, तक्ता आणि ई-मेलही करावा लागतो. कार्यालयात रोज जे काम चालते, त्याचीच ही छोटी आवृत्ती. कोणी म्हणेल, मुले दिवसभर मोबाईलवर टाइप करतातच की! करतात, पण अंगठ्याने, आणि बहुतेक वेळा रोमन अक्षरांत. दहा बोटांनी, न बघता, शुद्ध मराठी उतारा उतरवणे ही वेगळी विद्या आहे. ती एका महिन्यात येत नाही.

उर्दू माध्यमाच्या आपल्या मुलांसाठी इथे दुहेरी प्रश्न आहे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमापासून राज्याच्या कारभाराची भाषा मराठी आहे. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षर पक्के नसेल तर वेग येऊनही चुका कापल्या जातात. टायपिंगच्या निमित्ताने रोज अर्धा तास मराठी उतारे हाताखालून गेले, तर भाषाही सुधारते. शिक्षक म्हणून सांगतो, व्याकरणाच्या तासापेक्षा हा उपाय मुलांना जास्त मानवतो.

आता भंडारदऱ्याकडे बघू. १९२६ साली पूर्ण झालेले विल्सन धरण, पावसाळ्यात रंधा धबधबा, त्याआधी काजव्यांचा हंगाम. अकोले तालुक्याच्या या डोंगरी भागात बहुतांश वस्ती महादेव कोळी आणि ठाकर समाजाची आहे. इथल्या मुलाला हंगामात तंबू, हॉटेल, गाडी यांवर चार पैसे मिळतात, पण टेबलावरचे काम शिकायचे तर अकोले गाठायचे म्हणजे एका बाजूने तीस किलोमीटरहून जास्त. बसचे वेळापत्रक आणि क्लासची वेळ जुळवणे मुलांना अवघड आणि मुलींना तर अशक्यच. धरणाचे पाणी खालच्या गावांना जाते, तशा संधीही खालीच राहतात. डोंगरातल्या आदिवासी मुलाचा आणि मोहल्ल्यातल्या मुस्लिम मुलीचा प्रश्न इथे एकच होतो: हुशारी आहे, क्लास लांब आहे, फी जड आहे.

सरकारी मदतीतही फटी आहेत. आठवीत होणाऱ्या एनएमएमएस परीक्षेतून निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. मात्र सरकारी निवासी शाळेतल्या मुलांना ती लागू नाही, त्यामुळे आश्रमशाळेतले विद्यार्थी बाहेर राहतात. अल्पसंख्याकांची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून पहिली ते आठवीसाठी बंद झाली, ती फक्त नववी-दहावीपुरती उरली.

राज्यात 'अमृत' संस्थेने टंकलेखन आणि लघुलेखन परीक्षा पास होणाऱ्या आपल्या लाभार्थींना अर्थसाहाय्य देण्याची योजना आणली. २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' ही संशोधन व प्रशिक्षण संस्था मंजूर केली. मग तिच्याकडे आपली पहिली मागणी हीच का नसावी? मोठ्या घोषणांपेक्षा टायपिंगची फी परत मिळणे हे गरीब घराला लगेच समजते.

२००६ च्या सच्चर अहवालाने आयएएसमध्ये मुस्लिम ३ टक्के, आयपीएसमध्ये ४ टक्के असल्याचे दाखवले. तेव्हापासून प्रत्येक सत्कारात भाषण एकच: 'कलेक्टर व्हा!' जरूर व्हा. पण दाखला, नक्कल, सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज यांची वाट कारकुनाच्या टेबलावरून जाते. त्या खुर्चीवर आपली मुले किती, हा प्रश्न आपण विचारतच नाही. गंमत म्हणजे कारकून, अर्ज, नक्कल, दाखला, हे शब्द फारसी-अरबीतूनच मराठीत आले. दफ्तर म्हणजे कार्यालय, आणि मराठीत मुलाच्या पाठीवरची पिशवीही दफ्तरच. हे दफ्तर पाठीवरून टेबलावर कसे जाईल, एवढाच खरा प्रश्न आहे.

दीनच्या दृष्टीनेही लिहिण्याचे काम हलके नाही. सूरह बकरामधील कुरआनची सर्वांत दीर्घ आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि इन्साफाने लिहिणाऱ्या कातिबाबद्दल आहे. हजरत जैद बिन साबित (रजि.) हे लहान वयातच लिहिणे-वाचणे आणि परकी भाषा शिकले, वह्य लिहिणारे झाले, आणि पुढे हजरत अबू बक्र (रजि.) यांनी कुरआन एकत्र करण्याचे काम त्यांच्यावरच सोपवले. रसूलुल्लाह (स.) यांनी एका किशोरवयीन मुलाची ही कुवत ओळखली होती.

'आता संगणक ऐकून आपोआप लिहितो, एआय आले, टायपिंग शिकून काय फायदा?' असे पालक विचारतात. शंका रास्त आहे. नुसत्या टायपिंगच्या जागा कमी होत जातील, हे मान्य करायला हवे. पण भरतीची अट आज आहे, आणि यंत्राने लिहिलेला मजकूर तपासायलाही भाषा जाणणारा माणूस लागतो. म्हणून टायपिंगवर थांबू नका. पदवी, एमएस-सीआयटी, पत्रलेखन हे सोबत हवेच. दहावीपासून पदवीपर्यंत पाच वर्षे मिळतात, तेवढ्यात मराठी, इंग्रजी आणि जमल्यास शॉर्टहँड सहज होते.

यंदाच्या गुणगौरवात तीन गोष्टी करता येतील. टक्केवारीसोबत टंकलेखन आणि एनएमएमएस उत्तीर्णांचीही नावे घ्या. ट्रॉफीऐवजी दोन-चार मुलांची परीक्षा फी भरा. आणि हॉलच्या एका खोलीत जुने चार संगणक ठेवून मुलींसाठी दुपारची वेळ राखा. शेजारच्या इतर समाजांच्या मुलांनाही त्यात बसू द्या. ट्रॉफीवर वर्षभरात धूळ बसते. बोटांत बसलेला वेग, इंशाअल्लाह, घर चालवतो.