डबा भरला म्हणजे औषध दिले असे नव्हे


आठवड्याच्या गोळ्या रविवारीच डब्यात भरून ठेवल्या की वृद्धाश्रमातला औषधांचा गोंधळ मिटतो, असे गेल्या अंकातील पत्रात ठामपणे म्हटले आहे. हे पटण्यासारखे नाही.

इंग्लंडमधल्या ५५ वृद्धनिवासांतील २५६ जणांची औषधे संशोधकांनी बारकाईने तपासली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा जवळपास ७० टक्के रहिवाशांच्या बाबतीत निदान एक तरी चूक निघाली. लिहून देताना, दुकानातून देताना, खाऊ घालताना, तपासणी राहून गेल्याने. रोज सरासरी आठ औषधे घेणारी ही माणसे! एकट्या डब्याने काय होणार?

संधिवातावरची मेथोट्रेक्सेट घ्या. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज गेली तर रक्तपेशी घटतात, जिवावर बेतते. डब्यात उतरलेल्या सुट्या गोळीवर नाव नसते, वारही नसतो. गिळता येत नाही म्हणून आजींची गोळी कुटून वरणभातात कालवली जाते. तीच हळूहळू विरघळणारी असेल, तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. पार्किन्सनच्या रुग्णाला तर गोळी तासभर उशिरा मिळाली तरी हातपाय आखडतात, आणि जेवणाच्या पंगतीच्या सोयीने औषधे वाटणाऱ्यांना ते कळतही नाही.

म्हणून प्रत्येकाच्या नावाचा तक्ता हवा. गोळी पोटात गेल्यावरच, देणाऱ्याने तिथल्या तिथे सही करावी. नाकारली तर तसे लिहावे. रुग्णालयातून परतलेल्यांची जुनी-नवी यादी त्याच दिवशी डॉक्टरांकडून ताडून घ्यावी.