विरोधकांचे ऋण

विरोधी पक्ष म्हणजे विकासाच्या गाड्यास घातलेली खीळ, असे म्हणण्याची टूम सुशिक्षित मंडळींत बोकाळली आहे. या मंडळींनी एकवार उरण तालुक्यातील जासईस जाऊन यावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

1970 साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनींवर रेघा पडल्या. सरकारजवळ बहुमत होते, कायदा होता, नकाशे होते. जमीन देणाऱ्यास पुढे काय उरणार, हा प्रश्न मात्र त्या नकाशांत कोठेच नव्हता. शेतकरी कामगार पक्षाच्या दि. बा. पाटलांनी तो विचारला. विधानसभेत त्यांच्या पक्षाची माणसे मूठभर! जानेवारी 1984 मध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जणांचे प्राण घेतले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व सरकारनेच पत्करले. राज्यकर्त्यांच्या बुद्धीस जे सुचले नाही, ते विरोधाने सुचविले. किंमत पाच घरांनी भरली.

हा पक्ष सोवळा होता, असे आम्ही म्हणत नाही. 1978 आणि 1999 साली तोही सत्तेच्या पंक्तीस बसला होता. असो.

2024 च्या निवडणुकीत 288 जणांच्या विधानसभेत सर्वांत मोठ्या विरोधी पक्षास अवघ्या 20 जागा मिळाल्या. लगेच दशांशाचा संकेत पुढे आला आणि निवडणुकीनंतर विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली. डोकी मोजणाऱ्या या गणितज्ञांस आमचा एकच सवाल आहे: उद्या कोणा शेतकऱ्याच्या खाजणावर मोजणीची साखळी पडली, तर त्याने कोणाचे दार ठोठवावे?