कानानं पाहायची संध्याकाळ

नागपुरातल्या एका रुग्णालयात मी रात्रपाळीची नर्स आहे. मॉनिटर वाजायच्या आधीच पेशंटच्या श्वासाची लय बदललेली मला जाणवते. नव्या मुली विचारतात, ‘सिस्टर, हे कुठं शिकलात?’ मी सांगते, नागझिऱ्यात.

1986पासून सलग तीन मे महिने आई मला नागझिऱ्याच्या जंगलातल्या शिबिरासाठी साकोलीच्या एसटीत बसवून द्यायची. सोबत सतरंजी, बॅटरी, ताट-पेला. तिथल्या विश्रामगृहात वीज नव्हती. दिवसाचं फारसं आठवत नाही, नुसतं ऊन. संध्याकाळ मात्र जशीच्या तशी आहे. वनरक्षक काका आम्हा दहा-बारा जणांना तळ्याकाठच्या लपणात बसवायचे. “पोट्टेहो, आता कानानं पाहा.” पहिल्या दिवशी पाच मिनिटांत पायाला मुंग्या आल्या. तिसऱ्या दिवशी ऐकू यायला लागलं. सातभाईंचा कलकलाट एकदम थांबला. मग वानराचा खकार, चितळाची तीक्ष्ण हाक. पलीकडच्या ऐनांमधून काहीतरी चालत होतं. तीन उन्हाळ्यांत ते एकदाच दिसलं: सात रानकुत्री, पोटापर्यंत पाण्यात उतरलेली. एरवी काहीच दिसलं नाही, आणि काकांनी त्याची कधी हळहळ केली नाही. अंधार पडला की रातवा बोलायचा, फरशीवर गोटी टप्पे खात जावी तसा.

परवा भाचीसाठी एका शिबिराचं पत्रक पाहिलं. सकाळी सहा ते रात्री दहा, एक तासही मोकळा नाही. सफारी, झिपलाइन, रेन डान्स, शेवटच्या रात्री डीजे. दिवसातून तीनदा पालकांच्या ग्रुपवर फोटो. मुलांना जंगल ऐकूच द्यायचं नसेल, तर एवढ्या लांब न्यायचं कशाला? माझा राग आयोजकांइतकाच आपणा मोठ्यांवरही आहे. ते फोटो आपणच मागतो.

सुरक्षेची काळजी मला कळते. नागझिरा 2013पासून व्याघ्र प्रकल्पात आहे. मुलांना तिथं पायी फिरवा, असं मी म्हणत नाही. पण भंडारा-गोंदियात गावोगाव मामा तलाव आहेत, मालगुजारांच्या काळातले. जाणत्या माणसाबरोबर, फोन घरी ठेवून, संध्याकाळी साडेपाच ते सात त्यांच्या काठावर बसता येतं. शिबिरवाल्यांनी वेळापत्रकातला तेवढा दीड तास रिकामा सोडावा.

भाचीला त्या शिबिराला पाठवलं नाही. येत्या मेमध्ये अशाच एका तलावाकाठी बसायला मी चार दिवसांची रजा टाकली आहे. तिच्या वर्गातल्या तीन मुलीही येताहेत. “तिथं करायचं काय, मावशी?” ती रोज विचारते. सतरंज्या मी आत्ताच बाहेर काढून उन्हात टाकल्यात.