रांग विकायला काढू नका

मा. सर्बानंद सोनोवाल यांस,
केंद्रीय बंदरे, नौवहन व जलमार्ग मंत्री, नवी दिल्ली



30 सप्टेंबर 2024 रोजी आपण मुंबई बंदरातून ‘क्रूझ भारत मिशन’चा प्रारंभ केलात. 2029 पर्यंत समुद्री क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करून ती दहा लाखांपर्यंत न्यायची, असे त्याचे उद्दिष्ट आहे. बॅलार्ड पिअरवरचे नवे टर्मिनलही वर्षाला दहा लाख प्रवाशांच्या हिशेबाने बांधले आहे. तपासणी आणि इमिग्रेशनसाठी तिथे 72 काउंटर आहेत. आम्हा मराठी माणसांना या बातमीचे अप्रूप आहे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीने कोकण आणि गोव्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या गावी गेली, आणि ती बोट बंद झाल्यावर साध्या घरातल्या माणसाचा समुद्रप्रवास जवळजवळ संपला. आता तो पुन्हा सुरू होत असेल तर कोणत्या रीतीने सुरू होतो, याकडे लक्ष द्यायला हवे. मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचे आहे: जास्त पैसे भरणाऱ्या प्रवाशांना या जहाजांवर ज्या खास सवलती विकल्या जातात, त्या घेणाऱ्याला परवडतात का, आणि त्यांतल्या कोणत्या विकू द्याव्यात.

परदेशात हा व्यवहार आता पक्का रुळला आहे. ‘एमएससी फँटासिया’ या जहाजावर 2008 मध्ये ‘यॉट क्लब’ आला. नॉर्वेजियन कंपनीचा ‘हेवन’, सेलिब्रिटीचा ‘रिट्रीट’, रॉयल कॅरिबियनचा ‘स्टार क्लास’ ही त्याचीच भावंडे. जहाजाच्या आत आणखी एक जहाज, अशी ही रचना असते. की-कार्डाने उघडणारे दार, त्यामागे वेगळे उपाहारगृह, वेगळा सन-डेक, बटलर, जहाजावर चढताना-उतरताना पहिला मान. काही जहाजांवर तर हे कार्ड लावले की लिफ्ट मधल्या मजल्यांवर न थांबता थेट वर जाते. आठव्या मजल्यावर पोरांना घेऊन उभ्या असलेल्या कुटुंबाला फक्त दिव्याचा आकडा पुढे सरकताना दिसतो. याखेरीज ज्यांनी साधी खोली घेतली आहे त्यांच्यासाठी सुट्या सवलती असतात. कार्निव्हल ‘फास्टर टू द फन’ या नावाने रांगेत पुढे जाण्याचा हक्क विकते, रॉयल कॅरिबियन ‘द की’ या नावाने तसाच पास विकते.

आधी घेणाऱ्याचा हिशेब पाहू. अमेरिकी जहाजांवर पेयांचे पॅकेज माणशी दिवसाला साधारण 60 ते 100 डॉलरला पडते, इंटरनेट वीस-तीस डॉलरला, आणि बक्षिशी त्यावर वेगळी. हे सगळे ज्यात धरलेले आहे असा सुईट घेतला, तर सात रात्रींत वाचतात ते माणशी फार तर हजारभर डॉलर. साधी बाल्कनीची खोली आणि असा सुईट यांच्या भाड्यातला फरक मात्र अनेकदा माणशी काही हजार डॉलरांचा असतो. जे कुटुंब दारू पीत नाही, ज्याला दिवसातून एकदा घरी व्हिडिओ कॉल केला की पुरते, त्याच्या पदरात यातले निम्मेही पडत नाही. उरलेला पैसा मोठ्या खोलीचा, चांगल्या जेवणाचा आणि गर्दीपासून दूर राहण्याचा. खोली आणि जेवण यांबद्दल माझे काही म्हणणे नाही. ज्याला झेपते त्याने जरूर घ्यावे. एक गोष्ट तेवढी त्याला माहीत असावी. एमएससीचा यॉट क्लब जहाजाच्या वरच्या मजल्यांवर, अगदी पुढच्या टोकाला असतो. खवळलेल्या समुद्रात जहाजाचे नाक सर्वांत जास्त वर-खाली होते आणि उंचावर डोलणे सर्वांत जास्त जाणवते. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची स्वस्त खोली ही या महागड्या खोलीपेक्षा नक्कीच बरी.

राहिला गर्दीपासून दूर राहण्याचा पैसा, आणि माझा खरा मुद्दा इथे आहे. सवलत तपासायची एक साधी कसोटी मला सुचते. ज्या गैरसोयीतून ती सवलत आपल्याला सोडवते, ती गैरसोय उद्या सर्वांसाठीच दूर झाली, तर त्या सवलतीला काही किंमत उरते का? मोठी खोली या कसोटीला उतरते. शेजाऱ्याची खोली मोठी झाली म्हणून माझी लहान होत नाही. रांगेत पुढे जाण्याचा हक्क उतरत नाही. बहामातल्या कोकोके बेटाचे उदाहरण घ्या. तिथे पूर्वी जहाज खोल पाण्यात नांगर टाकायचे आणि प्रवासी लहान टेंडर बोटींनी किनाऱ्यावर जायचे. त्या बोटींसाठी सकाळी ताटकळावे लागे, म्हणून ‘आधी बोट’ या सवलतीला भाव होता. मग रॉयल कॅरिबियनने तिथे धक्का बांधला. 2019 मध्ये बेट नव्या रूपात उघडले तेव्हा प्रवासी जहाजाच्या दारातून थेट चालत किनाऱ्यावर जाऊ लागले, आणि त्या बेटापुरती ‘आधी बोट’ची किंमत शून्यावर आली. कोणाचे काहीही हिरावले गेले नाही. अडचण तेवढी गेली. इथे कंपनीने स्वतः खर्च करून ती दूर केली, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवे. पण जी कंपनी धक्का न बांधता रांगेतली जागाच विकत राहील, तिला रांग आखूड करण्यात कसले हित?

ही शंका नवी नाही. ज्यूल द्युपुई नावाच्या फ्रेंच अभियंत्याने 1849 मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल हेच लिहिले होते. त्या डब्यांना छप्पर नसे, बाकांना गादी नसे. छपराला लागणारे काही हजार फ्रँक वाचवावेत म्हणून किंवा गरिबाला छळावे म्हणून कंपनी असे करत नाही, असे त्याचे म्हणणे होते. ज्याला दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडते त्याने तिसऱ्यात बसू नये, म्हणून तिसरा वर्ग मुद्दाम वाईट ठेवला जातो. उन्हापावसाचा त्रास गरिबाला होतो, धाक श्रीमंताला बसतो. आजच्या जहाजावर कोणी कोणाला पावसात बसवत नाही. तरीही ‘आयकॉन ऑफ द सीज’सारख्या जहाजावर एका खोलीत दोघे धरले तर 5,610 आणि सगळ्या खाटा भरल्या तर 7,600 प्रवासी असतात, तेव्हा गर्दी हीच विकायची वस्तू होऊन बसते. अशा वेळी जास्त पैसे भरणारा प्रवासीही फारसा सुखी ग्राहक नसतो. जहाजाने स्वतःच निर्माण केलेल्या त्रासातून सुटण्याची तो खंडणी भरत असतो. ज्याला खरोखर निवांतपणा हवा आणि खर्चाची तयारी आहे, त्याला दुसरा मार्ग आहे. ‘सेव्हन सीज एक्सप्लोरर’ हे जहाज सुमारे 55,000 ग्रॉस टनांचे आणि प्रवासी साधारण 750. म्हणजे माणशी 73 टन. (ग्रॉस टन हे वजनाचे नव्हे, आतल्या जागेचे माप आहे.) ‘आयकॉन’वर हाच आकडा 44 येतो. या छोट्या जहाजावर खाणेपिणे आणि बक्षिशी सर्वांच्याच भाड्यात धरलेली असते. तिथे कुंपण लागतच नाही.

शिवाय ही खास सवलत टिकतही नाही. निष्ठावान प्रवाशांना दर्जे देण्याची पद्धत बहुतेक कंपन्यांनी चालवली: इतक्या रात्री प्रवास केला की सोनेरी कार्ड, इतक्या केल्या की हिऱ्याचे. वर्षे उलटली तशी हिऱ्याचे कार्ड खिशात असलेल्यांचीच रांग साध्या रांगेइतकी लांब झाली. कार्निव्हलने जून 2025 मध्ये जाहीर केले की 2026 पासून हा दर्जा प्रवासाच्या दिवसांऐवजी खर्चावर ठरेल, आणि तो कायमचा नसून ठरावीक मुदतीचा असेल. वीस-वीस वर्षे त्या कंपनीच्या जहाजांवर फिरलेली माणसे त्यामुळे दुखावली, आणि मला त्यांचे दुखणे समजते. पुढे राहण्याचा हक्क पुष्कळांना विकला की तो कोणालाच पुरत नाही. मग पुन्हा वर एक पायरी बांधावी लागते आणि तिची नवी किंमत लावावी लागते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की सुईटवाल्यांच्या पैशावरच आतली स्वस्त खोली स्वस्त राहते. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच सुईट बंद करा असे मी म्हणत नाही. पण हा युक्तिवाद खोली, जेवण आणि चाकरी यांच्या जास्त भाड्याला लागू पडतो. डेकचा पुढचा भाग कुंपणात घालायला तो लागू पडत नाही, कारण जहाज जमिनीसारखे पसरत नाही. वरच्या डेकवर पुढच्या बाजूला उभे राहून किनारा जवळ येताना पाहणे, हा तर समुद्रप्रवासाचा गाभा. ती जागा एकाला दिली की ती दुसऱ्याची कमी होते. दुसरा आक्षेप, की अशा सोयी नसतील तर पैसेवाला भारतीय सिंगापूरला जाईल, तिथे ‘जेंटिंग ड्रीम’वर ‘पॅलेस’ आहेच. जाईलही. पण महाराष्ट्रातून सिंगापूरच्या सहलीला जाणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांनी ‘पॅलेस’चे दार बाहेरूनच पाहिलेले असते, ती जातात ती साध्या खोलीच्या तिकिटावर, आणि आपले दहा लाख प्रवासी याच घरांतून यायचे आहेत. तिसरा आक्षेप वृद्धांचा, की त्यांना रांगेत उभे राहवत नाही. अगदी खरे. पण म्हणूनच प्राधान्य गुडघे पाहून द्यावे, पाकीट पाहून नव्हे. आता माझ्या बाजूच्या एका पुराव्याबद्दल: विमानात पहिला वर्ग असला की मागच्या भागात भांडणे वाढतात, असे सांगणारी एक पाहणी 2016 मध्ये गाजली होती. तिच्या संख्याशास्त्रावर पुढे आक्षेप घेतले गेले, म्हणून मी माझे म्हणणे तिच्यावर उभे करत नाही.

आपल्याकडे याचा धडा घरातच आहे. कोकणातल्या राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाले. तेव्हा दुसऱ्या वर्गाचा प्रवासी रात्रभर लाकडी फळीवर पाठ टेकून जायचा. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच फोम घातला. पहिल्या वर्गाला खाली ओढायचे नाही, दुसऱ्याला वर आणायचे, अशी त्यांची भूमिका होती. 26 डिसेंबर 1977 रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, ती सगळीच्या सगळी एका वर्गाची. त्या दोन इंचांमुळे वरच्या वर्गाची तिकिटे खपायची थांबली नाहीत. ज्याला बंद डबा आणि एकांत हवा होता तो त्याचे पैसे मोजतच राहिला. पण उघड्या फळीचा धाक दाखवून तिकीट विकण्याची सोय संपली, आणि आज त्या फोमशिवाय स्लीपरचा डबा कोणाच्या कल्पनेतही येत नाही.

पैशाने काय विकत मिळावे आणि काय नाही, याची रेघ समुद्रावर ओढता येत नाही, असे कोणी म्हणेल. ती ओढलेली आहे. 1912 मध्ये टायटॅनिक बुडाले तेव्हा पहिल्या वर्गातले सुमारे साठ टक्के प्रवासी वाचले आणि तिसऱ्या वर्गातले जेमतेम पाव. त्यानंतर 1914 मध्ये समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच परंपरेतल्या, आज भारतही पाळत असलेल्या नियमांत जहाजावरच्या प्रत्येकासाठी जीवरक्षक नावेत किंवा तराफ्यात जागा असावीच लागते, आणि कोणी कुठे जमायचे हे भाडे पाहून ठरत नाही. ही रेघ जिवापुरती आहे. मी ती थोडी अलीकडे, सार्वजनिक जागेपर्यंत आणण्याची विनंती करतो आहे.

बॅलार्ड पिअरचे टर्मिनल सरकारी बंदराच्या जागेवर उभे आहे. तिथल्या 72 काउंटरांपैकी किती पैसेवाल्यांसाठी राखायचे, हे जहाज कंपनीने ठरवू नये. किती प्रवाशांना किती वेळ थांबावे लागले हे प्रत्येक फेरीनंतर प्रसिद्ध करण्याची अट आपण घालू शकता. रांग उघड झाली की ती विकणे अवघड जाते. जो कोणी खास तिकीट विकेल त्याने त्यातल्या प्रत्येक सवलतीची सुटी किंमत छापावी, म्हणजे दारू न पिणाऱ्या घराला कळेल की आपण कशाचे पैसे भरतो आहोत. आणि भारतीय बंदरांतून सुटणाऱ्या जहाजांवर पुढचा मोकळा डेक सर्वांना खुला असावा, निदान बंदरात शिरताना आणि बंदर सोडताना.

सर्वांत निकडीची गोष्ट लक्षद्वीपची. तिथे बेटांभोवतीचे पाणी उथळ आहे, मोठी जहाजे बाहेर खोल पाण्यात नांगर टाकतात आणि प्रवासी लहान बोटींनी बेटावर जातात. पोवळ्यांच्या त्या बेटांवर कोकोकेसारखा धक्का बांधावा असे कोणी सुचवू नये, आणि मीही सुचवत नाही. म्हणजे तिथे रांग राहणारच. म्हणून तिथे ‘आधी बोट’ विकण्यास मनाई असावी; टोकन क्रमांकाने द्यावीत, आणि पहिल्या बोटीत व्हीलचेअरवरचे, काठी टेकणारे, कडेवर मूल असलेले प्रवासी बसावेत, मग त्यांची खोली कोणत्याही मजल्यावरची असो. हा नियम करायला एक परिपत्रक पुरेल, आणि पुढच्या हंगामाची तिकिटे विक्रीला जाण्याआधी ते निघावे, ही विनंती.

कळावे.

आपला,
एक मराठी नागरिक