‘काही झालं नाही’ म्हणजे सुरक्षित होतं का?

कापूस वेचणीच्या दिवसांत अकोट-तेल्हारा, अकोट-अंजनगाव, अकोट-अकोला यांपैकी कुठल्याही रस्त्यावर सकाळी उभं राहा. मालवाहू ऑटोत दाटीवाटीने बसलेल्या बाया, मांडीवर जेवणाचे डबे, आणि पुढची गाडी मागे टाकायला उजवीकडे घुसणारा ड्रायव्हर. मागून कुणी ओरडलं, तर उत्तर ठरलेलं : “काकू, काई झालं का? मंग?”

मैत्रिणींनो, हे उत्तर आपल्या ओळखीचं आहे. नवऱ्याने कुऱ्हाड उगारली पण मारली नाही, तेव्हाही आपल्याला हेच ऐकवलं जातं. धोक्यात जीव बाईचा, पण धोका होता की नव्हता हे ठरवणार तो घालणारा! २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याने हे नाकारलं. बाईचा जीव किंवा आरोग्य धोक्यात घालणं हीसुद्धा हिंसाच, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

रस्त्याचा कायदाही वेगळं सांगत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकारपणे गाडी चालवण्याबद्दल आहे. त्यात कुणाला इजा झालीच पाहिजे अशी अट नाही. इजा होण्याचा संभव असला तरी पुरे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने नियम मोडून केलेला ओव्हरटेक धोकादायक गाडी चालवण्यात स्पष्टपणे धरला आहे. म्हणजे ‘काही झालं नाही’ हा बचाव कायद्यालाही पुरत नाही.

मग ओव्हरटेक सुरक्षित होता की नाही, हे ओळखायचं कसं? साधा हिशोब करू. पुढची गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे, आपली ६० ने. तिच्या मागून निघून, पुढे पुरेसं अंतर ठेवून परत डावीकडे यायला साधारण आठ सेकंद लागतात. तेवढ्यात आपली गाडी सुमारे १३० मीटर जाते. समोरून कुणी त्याच वेगाने येत असेल तर तोही तेवढाच जवळ येतो. म्हणजे निघतानाच अडीचशे मीटरच्या वर रस्ता मोकळा दिसायला हवा. वळणावर, चढावर, पऱ्हाटीच्या ट्रॉलीमागे तो दिसतच नाही. तिथे ड्रायव्हर अंदाजावर जातो, आणि पणाला लागतात आपण.

म्हणून तीन प्रश्न विचारावेत. गाडी उजवीकडे काढली तेव्हा पुढचा रस्ता दिसत होता का? समोरच्याला ब्रेक मारावा लागला का, किंवा रस्त्याखाली उतरावं लागलं का? आणि ज्याला मागे टाकलं, त्याला आपल्यासाठी वेग कमी करावा लागला का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ किंवा पुढच्या दोहोंपैकी एकाचंही ‘हो’ असेल, तर तो ओव्हरटेक सुरक्षित नव्हता. आपल्याला दुसऱ्या कुणीतरी वाचवलं. आपल्या काळ्या मातीत डांबराची कड खचते, पावसात बाजूची माती निसरडी होते. तिथे उतरावं लागणारी अनेकदा मोटरसायकलवर मागे लेकराला घेऊन बसलेली दुसरी बाईच असते.

उलटही खरं आहे. वेग जाणवला, पोटात गोळा आला, म्हणजे चूक झालीच असं नाही. सरळ मोकळ्या रस्त्यावर झटकन पुढे जाणं हे रेंगाळत जाण्यापेक्षा बरं. आणि कधी दोष मागे पडणाऱ्याचा असतो. कुणी पुढे निघालं की इज्जत गेल्यासारखा तो वेग वाढवतो. नियमाने त्यालाही तशी मनाई आहे. आपला निवाडा भीतीवर नको, पाहिलेल्या गोष्टींवर हवा. मग “बाईले गाडीतलं काय समजते?” हे कुणी म्हणू शकणार नाही.

पण समजूनही बाया गप्प का बसतात? कारण बोलणारीला उद्या गाडीत घेत नाहीत, आणि गाडी चुकली की रोज बुडतो. त्यातून मालवाहू गाडीत माणसं नेणंच बेकायदा, मग तक्रार कुठे करणार? ड्रायव्हरवरही फेऱ्यांचा दाब असतो. अशा वेळी एकटीला ‘धीट हो’ सांगणं पुरेसं नाही. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यांवर मेली. त्यांतले निम्म्याहून कितीतरी जास्त मृत्यू ग्रामीण भागातले होते. हा प्रश्न मजुरीचा आहे आणि संघटनेचाही.

मजुरीचा दर ठरतो तेव्हाच प्रवासाच्या अटी ठरवाव्यात : माणसं नेण्याचा परवाना असलेली गाडी, मोजकी माणसं, वळणावर-पुलावर ओव्हरटेक नाही, आणि बाया थांब म्हणाल्या तर गाडी थांबेल. हे शेतमालकाशी आणि मुकादमाशी गटाने बोलावं, एकीने नव्हे. येत्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. बायांना आपापल्या रस्त्यावरच्या धोक्याच्या जागा सांगायला लावा आणि त्यांची यादी ग्रामसभेत ठेवा. कामावर जाताना जीव मुठीत धरून बसणं हा मजुरीचा भाग नाही.