धरणें आणि दार

‘धरणें’ हा शब्द मुळांत सावकारीच्या व्यवहारांतला. देणेकरी दाद देईना म्हणजे धनको त्याच्या दारांत उपाशी बसे. आणि तो उठेपर्यंत देणेकऱ्यानेंहि जेवूं नये, अशी रूढि होती. पगार थकला असतां मराठी फौजेंतले शिपाईहि सरदाराच्या डेऱ्यापुढें असेच बसत. घेणाऱ्याची भूक देणाऱ्याच्या घरांत शिरे, हेंच या उपायाचें मर्म.

इंग्रजांस हें खपलें नाहीं. १८६० च्या दंडसंहितेच्या ५०८ व्या कलमानें दैवी कोपाचें भय घालून दारीं धरणें धरणारास एक वर्षपर्यंत कैद सांगितली. कलमाच्या उदाहरणांत शब्द मात्र हाच देशी घ्यावा लागला! त्या धाकांत जुलूम होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु आजच्या धरण्यांतून देवाचा कोप गेला आहे. उरलें आहे तें बोलणें. शांततेचें निदर्शन हा भाषणाचाच एक प्रकार होऊं शकतो, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं कामेश्वर प्रसाद खटल्यांत मान्य केलें. पुढें २०२० सालीं शाहीनबागेच्या निकालांत, निदर्शनें नेमलेल्या जागींच व्हावीं, असेंहि त्यानेंच म्हटलें.

रस्ता अडवूं नये हें कबूल. पण ऋणको मंत्रालयांत आणि धनको आझाद मैदानांत, तर धरणें कोणाच्या दारीं? दिल्लीस संसदेजवळच्या जंतरमंतरावरील सरसकट बंदी न्यायालयानें २०१८ सालीं उठविली. मुंबईच्या निदर्शकांस दारापासून निदान तितकें जवळ बसूं द्यावें.