हयातीचा दाखला

दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की बाबांना घेऊन मी वाशीमला जात असे. हयातीचा दाखला द्यायचा असे. दुसऱ्या महायुद्धातील ज्या सैनिकांना लष्कराचे निवृत्तिवेतन नव्हते त्यांना राज्य शासन दरमहा काही रक्कम देई, त्यासाठी हा कागद लागे. टेबलापलीकडचा माणूस एकदा मान वर करून बाबांकडे पाही, बाबा थरथरत्या हाताने सही करीत, शिक्का बसे आणि काम संपे. मग बालाजीचे दर्शन, स्टँडवर एकेक कप चहा आणि परतीची एस.टी.

एकदा चहा पिता पिता बाबा म्हणाले, "मी जित्ता हाव का मेलो, एवढंच इचारतेत दरसाली." आणि स्वतःच हसले. मीही हसलो. ते वाक्य मला आता टोचते. कचेरीला तेवढेच विचारायचे होते, त्यात त्या कारकुनाचा काही दोष नाही. पण घरात आम्ही तरी दुसरे काय विचारले?

बाबा २०१६ साली गेले. जन्मसाल १९२१, तारीख कोणालाच ठाऊक नव्हती. आमचे गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते (वाशीम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला). घरावर सावकाराचे कर्ज, दोन बहिणींची लग्ने व्हायची होती. १९४१ साली बाबा कोणाला न सांगता अकोल्याला गेले आणि पलटणीत भरती झाले. त्या युद्धात हिंदुस्थानी फौज पंचवीस लाखांपर्यंत वाढली आणि ते सगळे स्वखुशीने भरती झालेले होते, असे इतिहासात लिहिलेले असते. मीही ते तसेच शिकवले. 'स्वखुशी' या शब्दात आमच्या आजोबांचे कर्ज मावते की नाही, हा प्रश्न मला वर्गात कधी पडला नाही.

बाबांना खेचरांच्या तुकडीत घातले. बैलांची सवय होती म्हणून, असे ते म्हणत. इटलीत अपेनाइन डोंगराची रांग देशाच्या मधोमध कण्यासारखी गेलेली आहे. जिथे मोटारी थांबत तिथून पुढे खेचरे. रात्रीच्या अंधारात दारूगोळा, पाणी, शिधा वर पोचवायचा आणि उतरताना जखमींना खाली आणायचे. १९४६ मध्ये ते घरी आले. शिपायाला पेन्शनसाठी पंधरा वर्षांची नोकरी लागते, बाबांची झाली होती पाच. पलटणीतून आणलेल्या पैशांत कर्ज फिटले आणि एका आत्याचे लग्न झाले. बस्स! त्यानंतर सत्तर वर्षे बाबांनी शेती केली. कापूस, ज्वारी, तूर. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली. पुढे सगळ्यांसारखे सोयाबीनही पेरले.

या सत्तर वर्षांत त्यांनी बैलाच्या अंगावर तुतारी टोचलेली मी पाहिली नाही. चढ आला, गाडी चिखलात रुतली, की ते बैलाच्या मानेवर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणत, "प्यानो, प्यानो..." आम्हा पोरांना वाटे, हा काही मंत्र असावा. पोळ्याला बैल सजवतानाही तेच. गावात काही जण बाबांना चेष्टेने 'प्यानोबुवा' म्हणत.

१९७१ च्या डिसेंबरात मी नुकताच बी.ए. झालो होतो. बांगलादेशचे युद्ध जिंकल्याची बातमी आली, गावात पेढे वाटले गेले, जवानांचा जयजयकार झाला. बाबा ओसरीवर बसून रेडिओ ऐकत होते. कॉलेजात चिमूर-आष्टीचा बेचाळीसचा लढा नुकताच वाचलेला, डोके तापलेले. मी म्हणालो, "हे आपल्या देशासाठी लढले. तुम्ही मात्र इंग्रजांसाठी लढलात." बाबांनी रेडिओ बारीक केला. म्हणाले, "मी कुठी लढलो रे, मी त खेचरं हाकलत होतो." एवढेच. त्यानंतर मी कधी काही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

पुढे पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. दुसऱ्या महायुद्धाचा धडा दरवर्षी यायचा. कारणे, घटना, परिणाम. एकदा एका मुलीने विचारले, "सर, आपल्या इकडचं कोणी गेलं होतं का?" मी तिला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या दोन मराठी वीरांची नावे सांगितली. उत्तर चूक नव्हते. पण त्या वेळी बाबा शाळेपासून हाकेच्या अंतरावर तुरीला पाणी देत होते.

ते दोघे वीर म्हणजे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव. घाडगे रायगडातल्या माणगाव तालुक्याचे, जाधव नगर जिल्ह्यातल्या निमजचे. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. जन्म दोन दिवसांच्या अंतराने, १६ आणि १८ नोव्हेंबर १९२१, म्हणजे बाबांच्याच वयाचे. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात सोबतचे सगळे पडल्यावर घाडगे एकटेच शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले. तो मोर्चा त्यांनी बंद पाडला आणि तिथेच त्यांना गोळ्या लागल्या. वय अवघे बावीस. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जाधवांनी आधी दोन जखमींना एकेक करून गोळीबारातून सुरक्षित जागी नेले. मग परत फिरून मशीनगनचे मोर्चे उडवले. हाताला जखम होऊन बंदूक चालेना तेव्हा हातबॉम्ब फेकले. ते त्यानंतर एकोणचाळीस वर्षे जगले, २ ऑगस्ट १९८४ ला वारले. त्या एका दिवसाबद्दल मला इतके सांगता येते. त्या एकोणचाळीस वर्षांबद्दल मला एक ओळही सांगता येत नाही, आणि मी इतिहासाचा शिक्षक आहे!

२०२३ च्या जुलैत इटलीतल्या मोंतोने गावात यशवंत घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपात स्मारक उभे राहिले. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाचे शब्द त्यावर आहेत. इटलीत पन्नास हजारांवर हिंदुस्थानी सैनिक लढले आणि ५,७८२ कामी आले, हेही त्या निमित्ताने छापून आले. नातवाने ते फोटो मला मोबाइलवर दाखवले. सहज आठवले म्हणून मी त्याला म्हटले, "बघ रे, त्यांच्या भाषेत प्यानो असा काही शब्द आहे का?" त्याने लगेच शोधले. म्हणाला, "आजोबा, म्हणजे हळू. सावकाश."

मी बराच वेळ काही बोललो नाही. सत्तर वर्षे ती परकी भाषा आमच्या वावरात ऐकू येत होती आणि आम्ही तिला हसत होतो. तो शब्द त्यांना कोणी शिकवला? एखाद्या शेतकऱ्याने? की अंधारात जखमी माणूस पाठीवर घेऊन उतरणाऱ्या खेचराशी ते असे बोलत? आता विचारायला कोणी नाही.

कोकणात, सातारा भागात काही गावांत इंग्रजांनी बसवलेल्या संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून पहिल्या महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. परत किती आले हे काढायला वजाबाकी करावी लागते. मला वाटते, आपण सगळेच अजून त्या पाटीसारखे वागतो. जो पडला त्याचा मान मोठाच, त्याविषयी दुमत नाही. त्याने सगळे दिले. पण जो परतला त्याने ते युद्ध पुढे जन्मभर सांभाळले, रागाला आवर घातला, पोरे शिकवली, बैलाला मारले नाही. ही वागणूक कुठून आली हे समजून घेणे म्हणजेही इतिहासच. 'आमच्या मुलखात वीर झाले नाहीत' अशी खंत करणाऱ्या वऱ्हाडातल्या लोकांनी तर हे फार लक्षात घ्यावे.

दुसऱ्या महायुद्धातली माणसे आता जवळजवळ संपली. पण एकाहत्तरच्या लढाईत जो विशीतला होता तो आज माझ्याच वयाचा आहे, पासष्टचा आणि बासष्टचा त्याहून मोठा. ओसरीवर, पारावर, दवाखान्याच्या रांगेत ही माणसे बसलेली असतात. त्यांना 'किती मारले' असे विचारू नका, त्याने तोंड मिटते. काय खाल्ले, थंडी कशी होती, सोबत कोण होते, तिकडची भाषा काय शिकलात, हे विचारा. शिक्षक असाल तर त्यांना एक तास वर्गात आणून बसवा. आणि जे सांगतील ते तारखेसह वहीत उतरवून ठेवा, चुकले तरी चालेल.

आमच्याकडे बाबांची पेटी आहे. तिच्यात डिस्चार्जचे पुस्तक आणि सहा टोकांचे एक पितळी पदक आहे. लहानपणी आम्ही ते खेळायला घेत असू. चुलत-मावस भावंडांपैकी कोणाला बाबांनी इटलीबद्दल कधी काही सांगितले असेल, अगदी अर्धे वाक्य असले तरी, मला कळवा. मी ते लिहून ठेवीन.

असो. हा नोव्हेंबरही आला आणि गेला.